हॅमिल्टन टायगर्स (१९२०–१९२५) : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हॅमिल्टन टायगर्स हा संघ कोणता आणि तो किती काळ टिकला?

कॅनडाच्या ओंटारिओ प्रांतातील हॅमिल्टन या पोलाद कारखान्यांच्या शहराचा हा व्यावसायिक आइस हॉकी संघ होता. नॅशनल हॉकी लीगमध्ये, म्हणजे आज एनएचएल म्हणून ओळखल्या जाणाऱ्या स्पर्धेत, तो १९२०-२१ ते १९२४-२५ असे पाच हंगाम खेळला. पहिले चार हंगाम तो गुणतालिकेत शेवटच्या क्रमांकावर राहिला, पाचव्या हंगामात थेट पहिला आला आणि त्यानंतर पुन्हा कधीही बर्फावर उतरला नाही. या पृष्ठावरील बहुतेक प्रश्न या शेवटच्या, चमत्कारिक वळणाभोवती फिरतात, कारण लोकांचे कुतूहलही तिथेच अडकलेले असते.

हा संघ हॅमिल्टनमध्येच नव्याने उभा राहिला होता का?

नाही. त्याचे मूळ क्युबेक शहरात आहे. तिथला संघ अधिकृतपणे काही असला तरी लोकांच्या तोंडी 'क्युबेक बुलडॉग्ज' हेच नाव होते. १९१९-२० च्या हंगामात या संघाने २४ पैकी अवघे ४ सामने जिंकले आणि २० गमावले. त्यानंतर लीगने ही जागा हॅमिल्टनला हलवली. नवा मालक होता अ‍ॅब्सो-प्युअर आइस कंपनी हा बर्फाच्या व्यवसायातला उद्योग, आणि संघाचा कारभार पाहत होते पर्सी थॉम्पसन. बर्फाच्या कंपनीने बर्फावरचा संघ विकत घ्यावा, हा योगायोग त्या काळच्या वाचकांनाही गमतीचा वाटला असणार.

लीगने हॅमिल्टनचीच निवड का केली?

दोन कारणे सांगता येतात. पहिले कारण इमारतीचे. हॅमिल्टनच्या बार्टन स्ट्रीटवर कृत्रिम बर्फाची सोय असलेले बंदिस्त मैदान होते. त्या काळी अनेक ठिकाणी सामना होणार की नाही हे थंडीच्या कृपेवर ठरत असे. दुपारी ऊन पडले की संध्याकाळी बर्फावर पाण्याचा पातळ थर साचायचा आणि पक त्यात रुतून बसायची. (पक म्हणजे कडक रबराची चपटी चकती, आइस हॉकीत चेंडूच्या जागी तीच असते.) यंत्राने गोठवलेला बर्फ हाताशी असलेले शहर लीगच्या दृष्टीने मोलाचे होते.

दुसरे कारण राजकारणाचे. टोरँटोचे संघमालक एडी लिव्हिंगस्टन यांना दूर ठेवण्यासाठीच १९१७ मध्ये संघमालकांनी जुनी संघटना सोडून एनएचएल स्थापन केली होती, आणि लिव्हिंगस्टन प्रतिस्पर्धी लीग काढण्याच्या खटपटीत सतत होते. हॅमिल्टनचे मैदान त्यांच्या हाती लागण्याआधी आपणच तिथे संघ बसवलेला बरा, असा लीगचे अध्यक्ष फ्रँक काल्डर यांचा हिशेब होता. थोडक्यात, हॅमिल्टनला संघ मिळाला त्यात हॅमिल्टनविषयीच्या प्रेमापेक्षा लिव्हिंगस्टनविषयीची धास्ती अधिक होती. पुढे काय झाले हे समजून घेताना ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे.

'टायगर्स' हे नाव कुठून आले?

ते नाव शहरात आधीपासून रुजलेले होते. हॅमिल्टनचा फुटबॉल क्लब टायगर्स या नावाने ओळखला जाई, आणि याच नावाच्या हौशी आइस हॉकी संघाने १९१९ मध्ये अ‍ॅलन कप ही हौशी संघांची राष्ट्रीय स्पर्धा जिंकली होती. व्यावसायिक संघाने नाव घेतले आणि त्याबरोबर काळ्या-पिवळ्या पट्ट्यांचा वाघाला शोभणारा पोशाखही. १९१९ च्या त्या विजेत्या हौशी संघात विल्फ्रेड ग्रीन नावाचा एक खेळाडू होता, ज्याला सगळे 'शॉर्टी' म्हणत. तो या कथेत पुन्हा येणार आहे.

पहिला सामना कसा झाला?

अपेक्षेच्या अगदी उलट. २२ डिसेंबर १९२० रोजी टायगर्सने माँट्रियल कॅनेडियन्सचा ५-० असा पराभव केला. नव्या संघाने पहिल्याच सामन्यात प्रतिस्पर्ध्याला एकही गोल करू न देणे ही दुर्मीळ कामगिरी होती, आणि ती करणाऱ्या गोलरक्षकाचे, हॉवर्ड लॉकहार्टचे, टोपणनाव होते 'होल्स', म्हणजे भोके. हे नाव त्याला कौतुकाने मिळालेले नव्हते, एवढे सांगितले तरी पुरे.

या सामन्याला आणखी एक उपकथा जोडलेली आहे. दुबळ्या नव्या संघाला हात द्यावा म्हणून लीगने इतर संघांना खेळाडू द्यायला सांगितले होते, आणि टोरँटो सेंट पॅट्रिक्सने बेब डाय नावाचा तरुण खेळाडू उसना दिला होता. डायने हॅमिल्टनसाठी त्या एकाच सामन्यात दोन गोल केले. टोरँटोने लगेच त्याला परत बोलावून घेतले आणि बदल्यात मिकी रोचला पाठवले. त्या हंगामात डायने एकूण ३५ गोल केले आणि लीगमध्ये सर्वाधिक गोल त्याच्याच नावावर लागले. त्यांपैकी हॅमिल्टनच्या वाट्याला आले ते दोनच.

जो मलोनसारखा खेळाडू असताना संघ चार वर्षे तळाशी का राहिला?

जो मलोन हा त्या पिढीतला गोल करण्यात सर्वांत तरबेज खेळाडू होता, यात वाद नाही. १९१७-१८ मध्ये त्याने माँट्रियलसाठी २० सामन्यांत ४४ गोल केले होते, आणि ३१ जानेवारी १९२० रोजी क्युबेककडून खेळताना एकाच सामन्यात ७ गोल केले होते; एनएचएलमधला तो विक्रम आजही मोडलेला नाही. क्युबेकच्या संघाबरोबर तो हॅमिल्टनला आला, पण त्याची नोकरी क्युबेकमध्ये असल्याने पहिल्या हंगामातले सुरुवातीचे सामने त्याने खेळलेच नाहीत. उरलेल्या २० सामन्यांत त्याने २८ गोल केले. व्यावसायिक खेळाडूलाही पोटापाण्यासाठी दुसरी नोकरी सांभाळावी लागे, ही त्या काळची वस्तुस्थिती पुढच्या संपाच्या संदर्भातही महत्त्वाची आहे.

एकट्या मलोनच्या भरवशावर सामने जिंकता येत नव्हते. बचाव कच्चा होता, आणि चांगले खेळाडू हॅमिल्टनला यायला राजी नसत. स्प्रेग क्लेगहॉर्न या नामांकित बचावपटूला लीगने हॅमिल्टनला जायला सांगितले, तेव्हा त्याने साफ नकार दिला. निकाल पुढीलप्रमाणे लागले: १९२०-२१ मध्ये ६ विजय आणि १८ पराभव, १९२१-२२ मध्ये ७ आणि १७, १९२२-२३ मध्ये पुन्हा ६ आणि १८, १९२३-२४ मध्ये ९ आणि १५. प्रशिक्षकही बदलत राहिले. त्यांपैकी आर्ट रॉस पुढे बॉस्टन ब्रुइन्सच्या उभारणीमुळे प्रसिद्ध झाले, पण हॅमिल्टनमध्ये त्यांनाही यश आले नाही. मलोन १९२३ च्या सुरुवातीला माँट्रियलला परत गेला.

मग १९२४-२५ मध्ये असे काय बदलले?

बदल एका हंगामात झाला असे वाटते, पण त्याची तयारी दोन वर्षे चालू होती. १९२२ मध्ये गोलरक्षक जेक फोर्ब्ज आला. टोरँटोशी मानधनावरून बिनसल्यामुळे तो त्याआधीचा संपूर्ण हंगाम घरी बसून राहिला होता. पैशासाठी अख्खा हंगाम सोडणारा एनएचएलमधला तो पहिला खेळाडू मानला जातो. त्याच हंगामात बिली बर्च हा मधल्या फळीतला उंच, शांत खेळाडू संघात दाखल झाला. १९२३ मध्ये सडबरीहून शॉर्टी ग्रीन आणि त्याचा भाऊ रेडव्हर्स, म्हणजेच 'रेड' ग्रीन, हे दोघे आले. बर्च मध्यभागी आणि दोन्ही बाजूंना ग्रीन बंधू, अशी ती आघाडीची फळी होती. १९२४-२५ साठी जिमी गार्डनर प्रशिक्षक झाले. स्वतः जुने खेळाडू असलेले गार्डनर १९०९ मध्ये एनएचएलच्या पूर्वसुरी संघटनेच्या स्थापनेतही सामील होते.

त्या वर्षी बॉस्टन ब्रुइन्स आणि माँट्रियल मरून्स हे दोन नवे संघ आल्याने लीगमधील संघांची संख्या सहा झाली आणि प्रत्येक संघाचे सामने २४ वरून ३० वर गेले. डिसेंबरमध्ये टोरँटोविरुद्ध रेड ग्रीनने एकाच सामन्यात पाच गोल केले. हंगामअखेर टायगर्सच्या खात्यावर १९ विजय, १० पराभव, १ बरोबरी आणि ३९ गुण होते. दुसऱ्या क्रमांकावरील टोरँटोचे गुण ३८ होते. लीगमधील सर्वांत मौल्यवान खेळाडूसाठीचा हार्ट करंडक बर्चला मिळाला. त्या वर्षीच्या नियमानुसार दुसऱ्या आणि तिसऱ्या क्रमांकाच्या संघांनी आधी आपसांत खेळायचे आणि त्यांतील विजेत्याने पहिल्या क्रमांकाच्या हॅमिल्टनशी अंतिम लढत द्यायची होती. त्यापुढे पश्चिमेकडील लीगच्या विजेत्याशी स्टॅन्ली कपसाठी, म्हणजे व्यावसायिक आइस हॉकीतल्या सर्वोच्च करंडकासाठी, सामने होणार होते.

खेळाडूंनी संप का केला? त्यांची मागणी नेमकी काय होती?

मागणी साधी होती: अंतिम लढतीआधी प्रत्येक खेळाडूला २०० डॉलर जादा मिळावेत, नाहीतर ते ती लढत खेळणार नाहीत.

त्यामागचा युक्तिवाद मात्र नीट समजून घ्यायला हवा, कारण हा प्रकार हावरटपणाचा होता असे अनेकदा सांगितले जाते. खेळाडूंचे म्हणणे असे होते की त्यांनी मानधन ठरवले तेव्हा हंगाम २४ सामन्यांचा असे. आता सहा सामने अधिक खेळून झाले आणि त्यावर बाद फेरीही उभी आहे, पण मानधन तेवढेच. संघाला त्या वर्षी चांगला नफा झाला आहे हेही त्यांना दिसत होते, कारण चार वर्षे शेवटच्या क्रमांकाचा खेळ पाहून कंटाळलेले प्रेक्षक आता बार्टन स्ट्रीटवर गर्दी करत होते. मालकांचे उत्तर कायद्याला धरून होते. करार सामन्यांच्या संख्येवर नसून ठरावीक मुदतीसाठी आहे, आणि त्या मुदतीत जितके सामने होतील तितके खेळणे खेळाडूंवर बंधनकारक आहे, असे ते उत्तर होते.

प्रस्तुत लेखकाच्या मते कागदावर मालक बरोबर होते आणि व्यवहारात खेळाडू. कराराची मुदत तीच ठेवून त्या मुदतीतले काम एक चतुर्थांशाने वाढवायचे आणि मोबदल्याचा विषय निघाला की कराराकडे बोट दाखवायचे, ही युक्ती नोकरदार माणसाला नवी नाही. दहा-बारा खेळाडूंचा हिशेब धरला, तरी सगळी मागणी दोन-अडीच हजार डॉलरच्या घरात जाते. हा आकडा ध्यानात असू द्यावा. पुढे याच खेळाडूंची काय किंमत आली ते दिसेलच.

खेळाडूंचे नेतृत्व कोणी केले?

कर्णधार शॉर्टी ग्रीनने. पहिल्या महायुद्धात तो लढला होता आणि विषारी वायूच्या हल्ल्यात सापडून बचावला होता. अशा माणसाला लीगच्या पत्रांची भीती दाखवून गप्प बसवणे सोपे नव्हते. बर्च, ज्याला त्या वर्षीचा हार्ट करंडक मिळाला, तोही त्याच्या पाठीशी उभा राहिला. संघ एकजुटीने थांबला, एकही जण फुटला नाही, ही गोष्ट त्या काळाच्या मानाने असाधारण आहे. खेळाडूंची संघटना नव्हती, वकील नव्हता, आणि एनएचएलबाहेर फार पर्यायही नव्हते.

लीगने काय भूमिका घेतली?

फ्रँक काल्डर १९१७ पासून लीगचे अध्यक्ष होते आणि १९४३ मध्ये मृत्यू होईपर्यंत राहिले. मूळचे इंग्लंडमधील ब्रिस्टलचे असलेले हे गृहस्थ आधी शिक्षक आणि नंतर क्रीडापत्रकार होते, आणि शिस्तीच्या बाबतीत त्यांच्यातला शिक्षक कधी निवृत्त झाला नाही. एका संघाच्या खेळाडूंपुढे नमते घेतले तर उद्या सगळेच संघ रांगेत उभे राहतील, ही मालकांची भीती त्यांनी पुरेपूर ओळखली होती. त्यांनी हॅमिल्टनच्या खेळाडूंना निलंबित केले आणि प्रत्येकी २०० डॉलर दंड ठोठावला. खेळाडूंनी जितकी रक्कम मागितली होती, अगदी तितकीच.

मग त्या वर्षी विजेतेपद कोणाला मिळाले?

दुसऱ्या क्रमांकाचे टोरँटो सेंट पॅट्रिक्स आणि तिसऱ्या क्रमांकाचे माँट्रियल कॅनेडियन्स यांच्यातील लढत प्रत्यक्षात अंतिम ठरवण्यात आली. दोन सामन्यांच्या एकूण गोलसंख्येवर माँट्रियलने ती ५-२ अशी जिंकली आणि त्यांना लीगचे विजेते घोषित करण्यात आले. पुढे स्टॅन्ली कपच्या लढतीत पश्चिमेकडील व्हिक्टोरिया कूगर्सने माँट्रियलला ३-१ सामन्यांनी हरवले. एनएचएलबाहेरील संघाने स्टॅन्ली कप जिंकण्याची ती शेवटची वेळ. टायगर्स खेळले असते तर काय झाले असते, यावर चाहत्यांचा वाद अजून चालतो; बर्च आणि ग्रीन बंधूंची फळी त्या हंगामातील कोणत्याही संघाला पुरून उरली असती, एवढे मात्र आकडे पाहून म्हणता येते.

संपामुळेच संघ बंद पडला का?

सर्वसाधारण समजूत तशी आहे, पण ती अर्धीच खरी आहे. संपाने मालकांना निमित्त मिळाले. कारण वेगळे होते. बार्टन स्ट्रीटचे मैदान चार हजारांच्या आसपास प्रेक्षकांना पुरे पडणारे होते. त्याच सुमारास न्यूयॉर्कमध्ये टेक्स रिकर्ड हे मुष्टियुद्धाचे प्रवर्तक नवे मॅडिसन स्क्वेअर गार्डन उभारत होते, जिथे पंधरा हजारांहून अधिक लोक बसू शकणार होते आणि जिथे कृत्रिम बर्फाचीही सोय होती. एनएचएलला अमेरिकेतील मोठ्या शहरांत पसरायचे होते. बॉस्टन ही पहिली पायरी होती. न्यूयॉर्कला तयार, जिंकणारा संघ हवा होता. असा संघ हॅमिल्टनमध्ये होता, तो निलंबित होता, आणि त्याच्या मालकांना त्याचा वीट आला होता. संप झाला नसता तर हा व्यवहार एक-दोन वर्षे लांबला असता, कदाचित स्टॅन्ली कपची लढत हॅमिल्टनच्या वाट्याला आली असती. पण त्या लहान मैदानात हा संघ फार काळ टिकला असता असे वाटत नाही.

संघ कोणी विकत घेतला?

न्यूयॉर्कचा बिल ड्वायर याने. अमेरिकेत तेव्हा दारूबंदी होती आणि ड्वायर हा चोरट्या दारूच्या धंद्यातला बडा असामी होता. टायगर्सच्या खेळाडूंसाठी त्याने ७५,००० डॉलर मोजले. ज्या खेळाडूंना मिळून दोन-अडीच हजार डॉलर देणे जमले नाही, त्यांची ही किंमत आली, आणि ती अर्थातच खेळाडूंच्या खिशात गेली नाही. खेळाडूंच्या शिस्तीबाबत इतकी काटेकोर असलेली लीग मालकाच्या धंद्याबाबत मात्र बरीच उदार निघाली. डिसेंबर १९२५ मध्ये, संघाचा पहिला हंगाम जेमतेम सुरू झालेला असताना, ड्वायरला अटक झाली आणि पुढील वर्षी त्याला दोन वर्षांच्या तुरुंगवासाची शिक्षा ठोठावण्यात आली.

न्यूयॉर्कला गेल्यावर खेळाडूंचे काय झाले?

निलंबन उठवण्यासाठी त्यांना दंड भरावा लागला आणि माफीची पत्रे लिहावी लागली. त्यानंतर मात्र त्यांना जे हॅमिल्टनमध्ये नाकारले गेले होते त्याच्या कितीतरी पट अधिक मिळाले. शॉर्टी ग्रीनचे मानधन ३,००० डॉलरवरून ५,००० डॉलरवर गेले, आणि बर्चला तीन वर्षांसाठी २५,००० डॉलरचा करार मिळाला. बर्चचा जन्म न्यूयॉर्कजवळच्या याँकर्सचा असल्याने 'आपल्या गावचा मुलगा' म्हणून त्याची जोरदार जाहिरातही झाली.

१५ डिसेंबर १९२५ रोजी 'न्यूयॉर्क अमेरिकन्स' या नव्या नावाने, ताऱ्यापट्ट्यांच्या भडक पोशाखात, हा संघ मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये उतरला. माँट्रियल कॅनेडियन्सने तो सामना ३-१ असा जिंकला, पण त्या मैदानावरील एनएचएलचा पहिला गोल शॉर्टी ग्रीनच्या नावावर लागला. संघ त्या हंगामात सातपैकी पाचवा आला. १९२७ मध्ये एका सामन्यात मूत्रपिंडाला जबर दुखापत झाल्याने ग्रीनची खेळण्याची कारकीर्द संपली आणि पुढील हंगामात तो याच संघाचा प्रशिक्षक झाला. मलोन, ग्रीन आणि बर्च हे तिघेही आज हॉकी हॉल ऑफ फेममध्ये आहेत.

न्यूयॉर्क अमेरिकन्स आणि हॅमिल्टन टायगर्स हा एकच संघ मानायचा का?

लीगच्या दृष्टीने नाही. सप्टेंबर १९२५ मध्ये हॅमिल्टनची मान्यता रद्द करण्यात आली आणि न्यूयॉर्कच्या संघाला स्वतंत्र मान्यता देण्यात आली. विकले गेले ते केवळ खेळाडूंचे करार. त्यामुळे टायगर्सचा ४७ विजय, ७८ पराभव आणि १ बरोबरी हा हिशेब तिथेच बंद होतो. माणसांच्या दृष्टीने पाहिले तर बर्फावर उतरणारे चेहरे बव्हंशी तेच होते. अमेरिकन्स हा संघही १९४२ मध्ये, ब्रुकलिन अमेरिकन्स या नावाने एक हंगाम खेळून, बंद पडला.

हा एनएचएलमधला पहिला संप होता का? त्याचा पुढे काही परिणाम झाला?

खेळाडूंचा पहिला संप म्हणून त्याची नोंद होते. तात्काळ परिणाम झाला तो उलटाच: पुढची कित्येक दशके खेळाडू गप्प राहिले. १९५७ मध्ये टेड लिंडसे या खेळाडूने खेळाडूंची संघटना बांधण्याचा प्रयत्न केला, तो मालकांनी मोडून काढला. टिकाऊ संघटना १९६७ मध्ये उभी राहिली आणि संपूर्ण लीगमधील खेळाडूंचा पहिला संप १९९२ च्या एप्रिलमध्ये झाला. तो दहा दिवस चालला.

हॅमिल्टनला पुन्हा एनएचएलचा संघ मिळाला का?

मिळाला नाही, आणि प्रयत्न कमी झाले असेही नाही. शहराने १९८५ मध्ये सतरा हजारांच्या आसपास क्षमतेचे कॉप्स कॉलिझियम उभारले. १९९० मध्ये नव्या संघासाठी अर्ज केला, तेव्हा ओटावा आणि टँपा यांची निवड झाली. त्यानंतर ब्लॅकबेरी फोनमुळे श्रीमंत झालेले जिम बाल्सिली पुढे आले. २००७ मध्ये नॅशव्हिलचा संघ घेण्याचा त्यांचा प्रयत्न फसला. २००९ मध्ये दिवाळखोरीत गेलेला फिनिक्स कायोटीज विकत घेऊन हॅमिल्टनला आणण्याचा त्यांचा प्रस्तावही लीगच्या विरोधामुळे आणि न्यायालयाच्या निर्णयामुळे बारगळला. एका बाजूला टोरँटो आणि दुसऱ्या बाजूला बफेलो, दोन्ही गाडीने तासा-दीड तासाच्या अंतरावर. आपल्या प्रेक्षकांत वाटेकरी नको ही त्या दोन संघांची भावना हॅमिल्टनच्या आड येत राहिली आहे.

टायगर्स जिथे खेळत ते मैदान आज पाहता येते का?

नाही. टायगर्स गेल्यावरही बार्टन स्ट्रीटच्या त्या इमारतीत अनेक वर्षे हौशी आणि कनिष्ठ संघांचे सामने होत राहिले. १९७७ मध्ये ती पाडण्यात आली. हॅमिल्टनमध्ये एनएचएलचा अधिकृत सामना पाहण्याचा योग अलीकडे आला तो १३ मार्च २०२२ रोजी. तिथल्या फुटबॉल स्टेडियममध्ये उघड्यावर बर्फ गोठवून सामना खेळवण्यात आला, आणि बफेलोने तो ५-२ असा जिंकला. प्रतिस्पर्धी होता टोरँटो.